पारोळ्यासारख्या गावातून साठीनंतर ऑनलाइन जोडीदार शोधायचा, तर फुकट सोय कुठे आहे?

भाऊ, (वाईट वाटून घेऊ नका, खान्देशात भाऊ म्हटल्याशिवाय बोलणं सुरूच होत नाही) तुम्ही लिहिलंय की वय ६४, पत्नीला जाऊन चार वर्षं झाली, मुलगा-सून पुण्यात, तुम्ही पारोळ्यात एकटे, आणि पैसे न भरता ओळखी कुठे होतील ते हवंय. मी अमळनेरची. वय ६१, निवृत्त शिक्षिका, विधवा. दोन वर्षं हे उद्योग मीही करून पाहिलेत, त्यामुळे पलीकडच्या बाजूने कसं दिसतं तेवढं सांगू शकते.

टिंडर, बंबल, ओकेक्युपिड या तिन्ही डेटिंग ॲपवर नाव नोंदवायला, फोटो टाकायला आणि दोघांनी एकमेकांना पसंत केल्यावर गप्पा मारायला पैसे लागत नाहीत. 'तुम्हाला कोणी पसंत केलं ते बघा' म्हणून मागतात, ते भरू नका. लग्नाच्या साइटवर नोंदणी फुकट असते, पण समोरच्याचा नंबर हवा म्हटलं की बहुतेक ठिकाणी पाकीट काढावं लागतं.

आपली खरी अडचण पैशांची नाही, अंतराची आहे. टिंडरवर अंतर फार तर १६० किलोमीटरपर्यंत ठेवता येतं. आपल्याकडून त्यात धुळे, जळगाव, संभाजीनगर बसतं, पुणे-मुंबई नाही. मी वय ५५च्या पुढचं लावलं तर मोजून चार चेहरे आले, आणि त्यातले एक आमचे जुने केंद्रप्रमुख निघाले. मी फोन पालथा ठेवला आणि भाजी निवडायला बसले.

आता रागावू नका, पण पुरुषांच्या प्रोफाइलबद्दल बोलायलाच हवं. एका गृहस्थांचा फोटो अजून डोळ्यासमोर आहे. कुठल्याशा लग्नातला, कापून घेतलेला. त्यांच्या खांद्यावर हिरव्या बांगड्यांचा एक हात तसाच राहिलेला. बाकी बाई कापून टाकलेली. आणि खाली लिहिलेलं: 'मनमिळाऊ, घरकामाची आवड असलेली, निर्व्यसनी स्त्री हवी.' अहो, घरकामाची आवड कोणाला असते? चाळीस वर्षं भाकरी थापून झाल्यावर तर नाहीच नाही. दहातल्या सात जणांना सोबत नको असते, बिनपगारी स्वयंपाकीण हवी असते, आणि पुढेमागे नर्स. तुम्ही त्यातले नसाल तर तसं स्पष्ट लिहा. 'कळण्याची भाकरी मला स्वतःला येते' असं कोणी लिहिलं असतं तर मी त्याच दिवशी उत्तर दिलं असतं.

फुकटातला सगळ्यात महाग प्रकार म्हणजे फसवणूक. मला एक 'इंग्लंडमधले डॉक्टर' भेटले होते. विधुर, पांढरे केस, मराठी शिकलेले म्हणे. रोज सकाळी विचारायचे, 'प्रिय, तू तुझे अन्न खाल्ले का?' तेव्हाच ओळखायला हवं होतं; आपल्यात कोणी असं विचारतं का? तीन आठवड्यांनी त्यांनी पाठवलेलं पार्सल विमानतळावर कस्टममध्ये अडकलं, सोडवायला ३५ हजार हवेत. मी बँकेत गेलेही. काउंटरवर माझाच जुना विद्यार्थी. स्लिप बघून हळूच म्हणाला, "बाई, हे कोण आहेत?" मला नाव सांगता आलं, बाकी काही सांगता येईना. पैसे वाचले ते त्याच्यामुळे. कोणाचे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर तितके पैसे पुढच्या पुढच्या खात्यात पळतात. आणि अनोळखी नंबरवरून रात्री बाईचा व्हिडिओ कॉल आला तर उचलू नका; अश्लील चित्रण करून पैशांसाठी धमकावतात. त्यात पुरुषच जास्त अडकतात, आणि कोणाला सांगतही नाहीत.

मग करायचं काय? माझ्या मते ॲपपेक्षा दोन रस्ते बरे. एक, आपापल्या समाजाची वधू-वर सूची. तिच्यात शेवटी विधवा-विधुरांची पानं असतात आणि हल्ली ती व्हॉट्सॲपवर फिरते. दुसरा, अहमदाबादचे नटूभाई पटेल. त्यांच्या संस्थेचं नावच 'विना मूल्य अमूल्य सेवा'. पन्नाशीपुढच्यांसाठी ते परिचय संमेलनं घेतात. आपल्याला तसं लांब नाही, नवजीवन एक्स्प्रेस अमळनेर-नंदुरबारवरूनच जाते. पुण्यात माधव दामले यांनी २०१२ मध्ये ज्येष्ठांच्या लिव्ह-इनसाठी, म्हणजे लग्नाशिवाय एकत्र राहण्यासाठी, मंडळ सुरू केलं. मुलाकडे पुण्याला जालच, तेव्हा तिथेही चौकशी करा.

पहिली भेट चारचौघांत ठेवा, घरी नको. मी आमच्या मंगळग्रह मंदिरात बोलावलं होतं, मंगळवार सोडून. आमच्या वयात पत्रिकेतला मंगळ कोण बघतो, पण बसायला सावली आहे, माणसांची ये-जा आहे. फक्त गाव लहान. परतताना ओळखीच्या रिक्षावाल्याने विचारलंच, "बाई, पाव्हना कोन शेतस?" म्हणजे पाहुणे कोण आहेत?

मुलं विरोध करतील तो बहुतेक वेळा शेतापायी आणि घरापायी. लग्न केलंत तर हिंदू वारसा कायद्याने नवी पत्नी मुलांच्या बरोबरीची वारस होते. नुसतं एकत्र राहिलात तर तिला वारसाहक्क मिळत नाही. म्हणून स्वकष्टाच्या मालमत्तेचं मृत्युपत्र आधी करा, दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, आणि मुलाला दाखवा. अर्धं भांडण तिथेच मिटतं. तिला नवऱ्याच्या मागे ईपीएस ९५ची, म्हणजे पीएफवाल्या नोकरीची पेन्शन मिळत असेल तर पुनर्विवाह केल्यावर ती बंद होते. हे तिला माहीत नसेल, तर तुम्ही आधी सांगा.

माझं म्हणाल तर सूचीतून शहाद्याच्या एका गृहस्थांशी ओळख झाली. लग्न नाही, एकत्र राहणंही नाही. रोज रात्री नऊला फोन, महिन्यातून एकदा भेट. मुलीला माहीत आहे, मुलाला नाही. ती आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) येईल तेव्हा त्याला सांगायचं काम तिच्यावरच टाकणार आहे.