लिनक्सवर स्क्रीनसेव्हर काढून टाकला, तरी दहा मिनिटांनी पडदा काळा का होतो?

लिनक्स मिंटच्या एक्सएफसीई या डेस्कटॉपच्या आवृत्तीवरून एक्सस्क्रीनसेव्हर हा प्रोग्राम काढून टाकला, तरी बरोबर दहा मिनिटांनी पडदा काळा होतो आणि कळ दाबताच पूर्ववत होतो, असे आपण लिहिले आहे. यातला ‘बरोबर दहा मिनिटे’ हा तपशील फार मोलाचा आहे, कारण पडद्यावरचे सारे चित्र ज्याच्या हाती असते, त्या एक्स सर्व्हरचा स्वतःचाही एक स्क्रीनसेव्हर असतो आणि त्याची मूळ मुदत ६०० सेकंदांची असते. एक्सस्क्रीनसेव्हर चालू असताना तो या अंगभूत सोयीला बाजूला सारून सूत्रे आपल्याकडे घेतो. तो काढून टाकल्यावर मूळ घड्याळ पुन्हा जागे होते.

फोंडा तालुक्यातील आमच्या गावच्या देवळात भजनी सप्ताहाच्या वेळी मलाही हीच अडचण आली होती. अभंगाचे शब्द सर्वांना दिसावेत म्हणून चौकात प्रोजेक्टर लावला होता. भजन रंगले की एकेक चरण कितीतरी वेळ आळवला जाई, तेवढ्या वेळात कळफलकाला कोणाचा हात लागत नसे आणि ऐन रंगात शब्द नाहीसे होत. त्या वेळी प्रोजेक्टरकडे नीट पाहिल्यावर उलगडा झाला. भिंतीवर फिकट करडा उजेड राहिला, तर संगणक सिग्नल पाठवतो आहे, फक्त चित्र काळे आहे, म्हणजे ते काम सर्व्हरच्या स्क्रीनसेव्हरचे. परंतु सिग्नल नसल्याची सूचना झळकली, तर डीपीएमएस या वीजबचतीच्या यंत्रणेने सिग्नलच तोडलेला असतो. या दोन्हींची घड्याळे स्वतंत्र असतात, म्हणून एक बंद केले तरी दुसरे चालूच राहते.

टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, ‘एक्ससेट क्यू’ (xset q) ही आज्ञा रोमन लहान अक्षरांत द्यावी, म्हणजे दोन्ही मुदती दिसतील. पुढे ‘एक्ससेट एस ऑफ’ ही आज्ञा पहिले घड्याळ थांबवते आणि ‘एक्ससेट’नंतर जागा सोडून वजाचिन्हाला जोडून ‘डीपीएमएस’ लिहिल्यास दुसरे थांबते. मात्र खात्री करण्यासाठी दर वेळी दहा मिनिटे थांबू नये: आधी ‘एक्ससेट एस १०’ देऊन मुदत दहा सेकंदांवर आणावी (आकडाही इंग्रजीच हवा), दोष डोळ्यांदेखत घडवावा आणि मगच तो बंद करावा.

या आज्ञांचा परिणाम त्या सत्रापुरताच असतो, त्यामुळे त्या ‘सेशन अँड स्टार्टअप’मधील स्वयंप्रारंभाच्या यादीत घालाव्या लागतात. एक्सएफसीईचा पॉवर मॅनेजरही डीपीएमएसच्या मुदती स्वतःच्या नोंदींप्रमाणे पुन्हा लावू शकतो, म्हणून त्याच्या ‘डिस्प्ले’ पानावरील मुदतीही तपासाव्यात. एक्स सर्व्हरच्या जागी वेलँड ही नवी व्यवस्था वापरणाऱ्या सत्रात मात्र या आज्ञांचा उपयोग नाही. तेथे त्या त्या डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्येच बदल करावा लागतो.

स्क्रीनसेव्हर कायमचा काढून टाकावा, हे मला पटत नाही. पडदा कुलुपबंद करण्याचे कामही बहुधा त्याच्याकडेच असते आणि चारचौघांत उघडा राहणारा संगणक असुरक्षित ठेवणे बरे नव्हे. आपण तो पुन्हा बसवावा आणि कार्यक्रमापुरता पॉवर मॅनेजरमधील ‘प्रेझेंटेशन मोड’ चालू करावा. आम्ही सप्ताहात आता तेच करतो आणि समाप्तीनंतर आठवणीने तो बंद करतो.