राग कशाचा आहे, ते आधी विचारा

प्रश्न : माझा मुलगा सव्वीस वर्षांचा आहे. लहानपणी माझ्या शेजारी बसून आवडीनं प्रार्थना म्हणायचा, कितीतरी स्तोत्रं तोंडपाठ होती. गेली तीन वर्षं मात्र देवाधर्माचं नाव काढलं की त्याचा चेहराच बदलतो. नुसता विश्वास उडाला असता तर मी समजून घेतलं असतं, पण त्याला चीड येते. परवा मी हात जोडून उभी होते, तर म्हणाला, "आई, कुणापुढे हात जोडतेस, कळतंय का तुला?" आम्ही त्याच्यावर कधीच सक्ती केली नाही. त्याचा एक जिवलग मित्र त्याच सुमारास अपघातात गेला. अंत्यविधीच्या वेळी नातेवाइकांत काही बोलाचाली झाली म्हणे, पण त्याचा याच्याशी काही संबंध असेलसं वाटत नाही. त्याला पुन्हा मार्गावर कसं आणू?
— एक आई

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीन-चारदा वाचलं आणि दर वेळी त्या बोलाचालीच्या वाक्यापाशी थांबले. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय. मला वाटतं, पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे. काय बोलणं झालं तिथे? कोण कुणाला काय म्हणालं? मुलाला हे कधी विचारलंत का?

मी रुग्णालयात समुपदेशक म्हणून बरीच वर्षं काम केलं. माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात लोक काय काय बोलून जातात, ते मी कानांनी ऐकलंय. एकदा एका लहान मुलीचे वडील उरलेली औषधं परत करायला निघाले होते. हातात पिशवी, पिशवीत न फोडलेल्या बाटल्या. एक वडीलधारे नातेवाईक पुढे आले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आवडती माणसं देव लवकर बोलावून घेतो." वडिलांनी पिशवी खाली ठेवली. शांतपणे म्हणाले, "मग त्याला सांगा, दुसऱ्याची मुलं आवडून घे." त्या दिवसापासून त्यांनी देवाचं नाव घेणं सोडलं. ते नातेवाईक दुष्ट नव्हते, धीर द्यायलाच आले होते. पण मुलीच्या मरणाला त्यांनी देवाची सही लावली, आणि बापानं ती सही वाचली.

तुमच्या मुलाच्या मित्राबद्दलही कुणी असंच काही बोललं असेल. कर्माची फळं म्हणाले असतील, शिक्षा म्हणाले असतील, कुणाला खांदा देऊ दिला नसेल. मी तिथे नव्हते, म्हणून ठामपणे सांगत नाही. पण आवडीनं स्तोत्रं म्हणणारा मुलगा चिडतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याला कुणीतरी काहीतरी कबूल केलेलं असतं आणि ते मोडलेलं असतं. ज्याला धर्माचं कधी काही वाटलंच नाही, तो चिडत नाही. तो बाजूला होतो, आपल्या कामाला लागतो. चिडतो तो, ज्यानं भरवसा टाकलेला असतो.

पंडिता रमाबाईंची गोष्ट या संदर्भात मला फार जवळची वाटते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत हिंडायचं. 1870च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी शास्त्रात सांगितलेलं सगळं केलं. उपास केले, जप केले, जवळचा पैसा दानधर्मात आणि देवस्थानांत घातला. अमुक व्रत केलं की तमुक फळ मिळतं, असं पोथ्यांतच लिहिलेलं होतं. पैसा संपला, अन्न संपलं. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. तरण्या वयात रमाबाई आणि त्यांचा भाऊ पायी हिंडत राहिले, आणि त्या वाटेवरच जुन्या श्रद्धेवरचा त्यांचा भरवसा उडाला. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तिथल्या धर्माधिकाऱ्यांशीही त्या अनेक मतांवरून वाद घालत राहिल्या, मुकाट्यानं मान डोलावणाऱ्यांतल्या त्या नव्हत्याच.

आता याच्या शेजारी तुकोबांना ठेवून पाहा. 1630च्या दुष्काळात त्यांचीही बायको अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला, दिवाळं निघालं. त्यांनी मात्र, बरं झालं, या दुष्काळानं मला देवापाशी आणलं, असं म्हटलं. आपत्ती सारखीच, वाटा उलट्या. यात कुणाची भक्ती खरी आणि कुणाची कच्ची, असा हिशोब कृपा करून मांडू नका. रमाबाईंच्या घरी जे शिकवलं गेलं, ते देण्याघेण्याच्या भाषेत होतं, त्यांनी आपली बाजू शेवटच्या पैपर्यंत पाळली होती. फसवणूक झाल्याची भावना त्यांना आली, यात नवल काय?

म्हणून "मार्गावर कसं आणू" हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. मुलाला एकदा निवांत वेळी विचारा, "त्या दिवशी तिथे काय झालं होतं?" आणि तो सांगेल ते मध्ये न बोलता ऐका. धर्माची बाजू मांडू नका. "सगळेच तसे नसतात" हे वाक्य तर अजिबात नको. ते खरं आहे, पण त्या क्षणी ते ऐकणाऱ्याला दार लावून घेतल्यासारखं वाटतं. तुम्हाला त्या बोलण्याचा राग आला, तर तो त्याला दिसू द्या. आपल्या श्रद्धाळू आईलाही हे चुकीचं वाटतं, हे त्याला कदाचित आजवर कुणी दाखवलेलंच नसेल.

तो परत प्रार्थनेला बसेल का? सांगता येत नाही, आणि त्यासाठी विचारूही नका. डार्विन आणि त्याची बायको एमा यांचं उदाहरण आठवा. एमा श्रद्धाळू होती. 1839 साली, लग्नानंतर थोड्याच दिवसांत, तिनं नवऱ्याला पत्र लिहून त्याच्या अश्रद्धेची काळजी बोलून दाखवली. 1851 मध्ये त्यांची दहा वर्षांची लेक ॲनी वारली, डार्विनच्या मनात उरलासुरला विश्वास होता तोही त्यानंतर टिकला नाही, असं त्याचे अनेक चरित्रकार मानतात. पण एमाचं ते जुनं पत्र त्यानं जन्मभर जपलं. त्यावर त्यानं लिहून ठेवलं होतं, की मी गेल्यावर तुला कळू दे, मी कितीदा या कागदाचं चुंबन घेतलं आणि त्यावर रडलो. एमाचं मत त्याला पटलं नव्हतं. तिची काळजी मात्र पोचली होती. तुमचीही पोचेल.


प्रश्न : मी देव मानत नाही. पण धर्माचा विषय निघाला की माझा आवाज चढतो, हात थरथरतात. मैत्रिणी म्हणतात, "नाहीच मानत तर राग कसला? रागावतेस म्हणजे आतून मानतेस." मला हे ऐकून आणखीच राग येतो. त्यांचं खरं आहे का?
— वय 31

उत्तर : नाही. हा युक्तिवाद ऐकायला चटपटीत आहे, म्हणून चालतो. देव आहे की नाही हा एक प्रश्न झाला. पण धर्माच्या नावानं चालणारी घरं, संस्था, नियम आणि माणसं तर नक्कीच आहेत. जे आहे आणि ज्यानं आपल्याला दुखावलंय, त्याचा राग यायला दुसरी कसलीही श्रद्धा लागत नाही.

तुम्ही स्वतःबद्दल फार थोडं लिहिलंय, पण थरथरणाऱ्या हातांचा उल्लेख केलाय. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंनी मला सांगितलं होतं, की वडील रोज पोथी वाचायचे, आणि पोथी मिटल्याचा आवाज आला की आम्हा भावंडांच्या पोटात गोळा यायचा. कारण वाचन संपलं की दिवसभराच्या चुकांचा न्याय व्हायचा, आणि पट्टा खुंटीवरच असायचा. पन्नाशी उलटल्यावरही कुणी मोठ्यानं पोथी वाचू लागलं की त्या खोलीबाहेर जायच्या. देवाबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. शरीरानं लक्षात ठेवलं होतं, एवढंच. आयर्लंडमध्ये 2009 साली आलेल्या चौकशी आयोगाच्या अहवालात, धर्मसंस्थांनी चालवलेल्या निवासी शाळांत मुलांचा दशकानुदशकं कसा छळ झाला, ते सविस्तर नोंदलं गेलं. ती मुलं म्हातारी होऊन साक्षीला आली होती. तुम्ही आतून मानता म्हणून चिडता, असं त्यांना म्हणायची कुणाची छाती होईल?

देवावरचा राग हाही काही दुर्मीळ प्रकार नाही. अमेरिकेतल्या ज्युली एक्सलाइन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्यावर बरीच वर्षं संशोधन केलंय. देव न मानणाऱ्या काही लोकांनीही आपल्याला असा राग आल्याचं त्यांना सांगितलं. कधी तो मानत असतानाच्या दिवसांतला जुना राग असतो, कधी "असलाच तर तो कसा असेल" या कल्पनेवरचा. आणि मानणाऱ्यांच्या रागाचं म्हणाल तर जनाबाईंनी विठोबाला अक्षरशः शिव्या घातल्या आहेत. आपण ते कौतुकानं गातो. मग घरातल्या मुलीनं आवाज चढवला की आपल्याला इतकं अवघड का होतं, हे मला खरंच कळत नाही.

माझी एक गोष्ट स्पष्ट सांगते, म्हणजे तुमचा गैरसमज नको. मी स्वतः श्रद्धाळू आहे, रोज प्रार्थना करते. तरी मला वाटतं, धर्माचं सगळ्यात मोठं नुकसान त्याच्यावर रागावलेल्यांनी केलेलं नाही. त्यांचं ऐकून न घेणाऱ्यांनी केलं आहे. नाशिकच्या काळाराम मंदिराबाहेर 1930 पासून पाच वर्षं माणसं सत्याग्रह करत होती. आत येऊ द्या, एवढंच मागणं होतं. दार उघडलं नाही. 1935 साली येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं, की हिंदू म्हणून जन्मलो ते माझ्या हाती नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतरही ते घाईनं कुठे गेले नाहीत. तब्बल 21 वर्षं त्यांनी निरनिराळ्या धर्मांचा अभ्यास केला आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या रागात केवढा विचार होता ते पाहा.

तुम्ही काय करावं? राग नेमका कशाचा आहे, ते एकदा कागदावर लिहून काढा. "धर्म" हा शब्द न वापरता लिहा. माणसाचं नाव लिहा, प्रसंग लिहा, तेव्हा तुमचं वय काय होतं ते लिहा. लिहिताना त्रास फारच वाढला, झोप उडाली, तर थांबा आणि समुपदेशकाकडे जा. त्यात काही कमीपणा नाही. आणि मैत्रिणींशी वाद घालणं सध्या सोडून द्या. त्यांना सगळं सांगायला तुम्ही बांधलेल्या नाही.

एक मात्र सांभाळा. ज्यांनी तुम्हाला काही केलं नाही, अशा साध्या भाविक माणसांवर हा राग काढू नका. ज्या प्रार्थनेनं तुमचं बालपण जाचलं, त्याच प्रार्थनेच्या आधारानं तुमची आजी कदाचित उभी असेल.


प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. हल्लीच्या मुलांच्या डोक्यात मोबाइल आणि विज्ञानाचं अर्धवट ज्ञान शिरल्यामुळे ती धर्माला नावं ठेवतात, असं माझं निरीक्षण आहे. माझी बारावीतली नातसुद्धा विचारते, "धर्म सगळ्यांचा आहे तर काही जणांना बाहेर का ठेवलं?" या वयात असं बोलणं शोभतं का?

उत्तर : सर, शोभतं. विज्ञान शिकून, शांतपणे विचार करून देव नाकारणारी माणसं असतात, आणि ती फारशी रागावलेली नसतात. त्यांच्या नकाराला जखम समजून औषध लावायला जाणं हाही एक अपमानच. तुमच्या नातीचा प्रश्न मात्र त्या जातीचा नाही. तो न्यायाचा प्रश्न आहे आणि तो मोबाइलच्या पुष्कळ आधीचा आहे.

1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवे या मुलीचा निबंध छापून आला. ती फुल्यांच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली. मांग-महारांच्या दुःखाबद्दल लिहिताना तिनं मांडलं, की वेद जर ब्राह्मणांचेच असतील, आम्ही त्यांच्याकडे पाहणंसुद्धा पाप असेल, तर आम्हाला धर्मपुस्तकच नाही, आम्ही धर्मरहित ठरतो. मग देवानंच सांगावं, आमचा धर्म कोणता? शाळकरी मुलीनं विचारलेला हा प्रश्न आज दीडशेहून अधिक वर्षांनी वाचतानाही माझा आवाज अडखळतो. तिच्या हातात ना फोन होता, ना प्रयोगशाळा.

नातीला काय उत्तर दिलंत, ते तुम्ही लिहिलं नाही. शिक्षक म्हणून तुम्हाला वर्गात असे प्रश्न नक्की आले असतील, तेव्हा तुम्ही "वयाला शोभत नाही" म्हणून विद्यार्थ्याला खाली बसवलं नसेल. तिलाही बसवू नका. मुक्ता साळवेंचा तो निबंध छोटा आहे, मिळवून तिच्याबरोबर वाचा. मग तिनं पुन्हा विचारलं, आणि तुमच्याकडे उत्तर नसेल, तर नाही म्हणून सांगा. पुढे काय बोलणं झालं ते मला कळवा, तिची परवानगी असेल तर इथे छापू.