जुन्या विनोदी पिक्चरमध्ये एवढं काय आहे?

प्रश्न : आमचे बाबा शंभर वर्षांपूर्वीचे ब्लॅक अँड व्हाइट अमेरिकन विनोदी पिक्चर बघून पोट धरून हसतात. माणसं भराभरा पळतात, पडतात, स्टोरी काहीच नाही. त्यात बघायचं काय, हे मला खरंच समजून घ्यायचंय.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आधी ते भराभरा पळण्याचं. मूकपटाच्या काळात कॅमेरा बहुतेक हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण 16 ते 20 फ्रेम, तेच पुढे 24 च्या स्पीडने दाखवलं की सगळे पळतच सुटणार. कधीकधी गंमत म्हणून मुद्दामही करायचे, पण चांगल्या प्रिंटमध्ये खूप फरक पडतो.

आता स्टोरी. यातले बरेच नट व्हॉडव्हिलमधून आलेले, म्हणजे अमेरिकेतला स्टेज शो, एका तिकिटात गाणं, जादू, कसरत, नकला, प्रत्येकाचा दहा-पंधरा मिनिटांचा आयटम. आपला सोंगाड्या बतावणीत पब्लिकचा अंदाज घेत वाक्य कसं लांबवतो, तसंच हे, तोच आयटम गावोगाव वर्षानुवर्षं करायचा आणि हशा येत नाही तेवढं कापत जायचं. म्हणून स्टोरी पातळ असते पण टायमिंग बघा, काय घोटलेलं असतं! मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटन लहानपणापासून आईवडिलांबरोबर स्टेजवर, वडील त्याला उचलून फेकायचे, आणि आपण हसलो की लोक कमी हसतात हे त्याला तेव्हाच कळलं, तो मख्ख चेहरा तिथला आहे. 1928 च्या 'स्टीमबोट बिल ज्युनियर'मध्ये घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्यावर कोसळते आणि तो बरोब्बर खिडकीच्या जागी उभा असतो म्हणून वाचतो. ती भिंत खरंच जड होती हो, थोडं इकडेतिकडे झालं असतं तर जीवच गेला असता! कॅमेरा लांब असल्यामुळे पूर्ण माणूस दिसतो, आणि मला तर हेच सगळ्यात आवडतं, कारण अंगातली कला एडिटिंगने आणता येत नाही.

बोलपटांत गाजलेले विनोदी नट मार्क्स बंधूही स्टेजवरचेच. 1935 च्या 'अ नाइट ॲट द ऑपेरा'चे काही सीन शूटिंगआधी थिएटरांतून करून बघितले होते, हशा किती वेळ टिकतो तेही मोजलं, म्हणून पिक्चरमध्ये मध्येच थांबल्यासारखं वाटतं, ती लोकांच्या हसण्यासाठी सोडलेली जागा आहे. त्यामुळे मोबाईलवर एकट्याने बघू नका. बाबांबरोबर बसा, लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये जुन्या पिक्चरचा खेळ लागला तर नक्की जा. सुरुवात कीटनपासून करा, मार्क्स बंधू नंतर, त्यांचं इंग्रजी फार फास्ट आहे.