दुकान जरूर टाका, पण पॉलिसीचा हप्ता भरण्यासाठी नको

हडपसरहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ४१, अकरा वर्षांची नोकरी नुकतीच सोडली, माहेर सोलापूरचं. पीएफचे ९ लाख हातात आलेत. त्यांना स्वतःचं छोटं ऑनलाइन दुकान सुरू करायचं आहे आणि प्रश्न एकच विचारलाय: काय विकू? शेंगाचटणी आणि कडक भाकरी, सोलापुरी चादरी आणि टॉवेल, की ४५ हजार भरून केलेल्या कोर्सच्या सरांनी सुचवलेली मोबाइल कव्हरं? दुकानात ४ लाख घालायची तयारी आहे. तिसऱ्या महिन्यापासून महिना ४० हजार सुटतील, असं सरांनी सांगितलंय.

पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता, त्या लिहितात: "बँकेतल्या ओळखीच्या मॅडमनी दीड लाखाची गॅरंटीड एफडी करून दिली आहे. दरवर्षी दीड लाख, दहा वर्षं भरायचे आणि विसाव्या वर्षी दुप्पट मिळणार. पुढचे हप्ते दुकानाच्या नफ्यातून भरीन. कागद मागच्या आठवड्यात ईमेलवर आले."

ताई, चटणी की चादर यावर मी येणारच आहे. पण आधी या शेवटच्या चार ओळींवर बोलूया, कारण त्यांना मुदत आहे. हे छापून यायला वेळ लागेल म्हणून तुम्हाला ईमेलने आधीच कळवलं आहे. इथे सविस्तर लिहितो, कारण अशा 'एफडी' केलेली माणसं मला सतत भेटतात.

तुमच्याकडे आलेली ती एफडी नाही, ती विमा पॉलिसी आहे. एफडीत पैसे एकदाच ठेवतात, दरवर्षी हप्ता भरायचा नसतो. तुम्हाला आलेली पीडीएफ उघडा. पहिल्याच पानावर विमा कंपनीचं नाव असेल, 'प्रीमियम' हा शब्द असेल आणि विमाधारक म्हणून तुमचं नाव असेल. पॉलिसी देण्याआधी कंपनीकडून पडताळणीचा फोनही आला असेल आणि "सगळ्याला हो म्हणा, फक्त फॉर्मॅलिटी आहे" असं मॅडमनी सांगितलं असेल. हे मी जवळजवळ प्रत्येकाकडून ऐकतो आणि प्रत्येक वेळी तितकाच राग येतो. पीएफचे पैसे खात्यात जमा झाले की बँकेला ते दिसतात. दोन दिवसांत चहा पाजून ही योजना पुढे केली जाते, कारण पहिल्या हप्त्यावर कमिशन मोठं असतं. ओळखीच्या माणसावर आपण विश्वास टाकतो आणि नेमका तोच वापरला जातो.

आता 'दुप्पट' म्हणजे किती ते बघू. दहा वर्षांत १५ लाख भरायचे, विसाव्या वर्षी ३० लाख मिळायचे. हिशेब केला तर हे वर्षाला साधारण साडेचार टक्के पडतात. हेच दीड लाख दहा वर्षं पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारी भविष्य निधी खात्यात भरले, त्यानंतर खातं चालू राहण्यापुरते वर्षाला ५०० रुपये टाकले आणि आजचा ७.१ टक्के दर टिकला, तर विसाव्या वर्षी ४४ लाखांच्या आसपास होतात. दर खाली आला तरी ३० लाखांपेक्षा बरंच पुढे राहाल. त्याहून खटकणारी गोष्ट म्हणजे तुमच्या घरावर ३१ लाखांचं कर्ज आहे आणि त्यावर तुम्ही साडेआठ टक्के व्याज देताय. साडेआठ टक्क्यांचं कर्ज डोक्यावर ठेवून साडेचार टक्के मिळवण्यासाठी वीस वर्षं पैसे अडकवायचे, याचं समर्थन कोणत्याच कोष्टकात बसत नाही.

तुमच्या घरखर्चाचे आकडेही पाहिले. यजमानांचा पगार हातात ८५ हजार, कर्जाचा हप्ता ३४, घरखर्च आणि शाळेची फी धरून ४५. महिन्याला उरतात ६ हजार, वर्षाला ७२ हजार. यातून दीड लाखांचा हप्ता निघत नाही. म्हणून तुम्ही तो न उघडलेल्या दुकानाच्या न झालेल्या नफ्यावर टाकलाय. दुकान पहिल्या वर्षी तोट्यात गेलं तर काय? हप्ता चुकेल. नव्या नियमांमुळे पहिल्या वर्षानंतरही पॉलिसी सोडली तर काही रक्कम परत मिळते, पण भरलेले सगळे पैसे मिळत नाहीत.

सुटका आहे आणि ती सोपी आहे. पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते. याला फ्री-लुक म्हणतात. ईमेलवर आली असेल तर ईमेलची तारीख धरायची. अर्ज बँकेला नाही, विमा कंपनीला करायचा: पॉलिसी क्रमांक, 'फ्री-लुकमध्ये रद्द करा' हे स्पष्ट वाक्य, कारण (एफडी म्हणून विकली), रद्द केलेला चेक. ईमेल करा आणि कंपनीच्या शाखेत जाऊन एका प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. तेवढ्या दिवसांच्या विम्याचा खर्च, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च कापून बाकी पैसे परत येतात. तुमच्या बाबतीत १ लाख ४५ हजारांच्या पुढे-मागे येतील. मॅडम फोन करतील, 'निदान एक वर्ष ठेवा' म्हणतील, त्यांच्या टार्गेटचं सांगतील. नम्रपणे नाही म्हणा. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार करा आणि तिथेही निकाल लागला नाही तर पुण्यातच विमा लोकपालांचं कार्यालय आहे.

या पॉलिसीने आणखी एक गोष्ट झाकली गेली. विमा तुमच्या नावावर घेतला आणि आज घरात कमावतात ते यजमान. वय ४४, त्यांच्यावर जुन्या पॉलिसीचं संरक्षण फक्त ८ लाख. त्यांना काही झालं तर त्या ८ लाखांतून गृहकर्जाचा जेमतेम चौथा हिस्सा फिटेल. मुलगी तेरा वर्षांची आहे. कर्जाचे ३१ लाख, तिच्या शिक्षणाचे २० लाख बाजूला काढले आणि उरलेल्या एक कोटीवर सहा टक्के मिळाले, तर वर्षाला ६ लाख म्हणजे आजचा घरखर्च भागतो. म्हणून त्यांच्या नावावर दीड कोटीचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) हवा, वय ६० पर्यंतचा. तब्येत ठीक असेल तर वर्षाला ३५ ते ४५ हजार लागतील. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. घेतानाच १८७४ च्या विवाहित महिला संपत्ती कायद्याखाली घ्या. मग ती रक्कम तुमची आणि मुलीची राहते, यजमानांच्या कर्जदात्यांना तिच्यावर हात टाकता येत नाही. हे घेताना करावं लागतं, नंतर जोडता येत नाही.

नोकरी सोडल्यावर तुमचा कंपनीचा आरोग्य विमाही संपला. यजमानांच्या कंपनीचा ५ लाखांचा आहे, पण तो त्यांच्या नोकरीवर अवलंबून. तिघांसाठी १० लाखांची स्वतंत्र पॉलिसी घ्या, वर्षाला २५ ते ३० हजार धरा. थायरॉईडची गोळी चालू आहे असं तुम्ही लिहिलंय, ते फॉर्मवर लिहाच. एजंट म्हणेल कशाला. आधीच्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षांची प्रतीक्षा लागू होते आणि ती संपते. लपवलेला आजार मात्र क्लेमच्या दिवशी वर येतो. दोन्ही विमे मिळून ७० हजारांच्या आसपास जातात. तुमचे वर्षाचे उरलेले ७२ हजार यासाठीच आहेत.

आता दुकान.

मोबाइल कव्हर विसरा. १९९ ला विकलं तर माल ६०, कुरिअर ५५, जाहिरात ५०. कॅश ऑन डिलिव्हरी दिलीत आणि पाचातलं एक पार्सल परत आलं, तर त्याचं जाणं-येणं ११० रुपये, ते उरलेल्या चारांवर टाकलं की प्रत्येकी २७. हातात राहिले ७ रुपये. चाळीस हजारांसाठी महिन्याला साडेपाच हजारांहून जास्त कव्हरं विकावी लागतील. शिवाय फोनचं मॉडेल बदललं की माल पडून. तुमच्या सरांनी हा हिशेब फळ्यावर केला नाही. सरांची कमाई कोर्सची आहे, कव्हरांची नाही. ते ४५ हजार गेले. ते वसूल व्हावेत म्हणून आणखी पैसे घालू नका.

चादरीचं आकर्षण मी समजू शकतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे आणि अस्सल माल कुठल्या कारखान्यातून घ्यायचा हे तुमच्या माहेरच्यांना ठाऊक आहे. पण कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, आकारही बघतात. घडी केलेल्या चादरीचं खोकं ४० बाय ३० बाय १० सेंटीमीटर धरा. गुणाकार करून ५००० ने भागायचं: २.४ किलो. आतली चादर त्याहून हलकी असली तरी पैसे २.४ किलोचेच. चादर ७०० ला घेऊन ११०० ला विकली, त्यातून कुरिअर १७०, पॅकिंग ३०, जाहिरात ८०, पेमेंट गेटवेचे (ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या सेवेचे) दोन टक्के वजा केले, तर शंभर रुपयेही उरत नाहीत. घेणारं गिऱ्हाईक पुन्हा कधी येईल? चादर वर्षानुवर्षं टिकते, तीच तिची ख्याती आहे. दर वेळी नवं गिऱ्हाईक शोधायचं म्हणजे दर वेळी जाहिरातीचे पैसे.

चटणी संपते. महिन्याभरात बरणी रिकामी होते आणि ज्याला आवडली तो स्वतःहून मेसेज करतो. म्हणून माझं मत चटणीला. तुम्ही लिहिलंय की आई अजून उखळात कुटते, तेल सुटेपर्यंत. मिक्सरमधून काढलेल्या कोरड्या भुकटीत आणि त्या चटणीत जो फरक आहे, तोच तुमचा माल आहे.

पण एकेक पाकीट विकू नका. पाव किलोचं पाकीट १५० ला: शेंगदाणे, लसूण, तिखट, गॅस मिळून ५५, पाकीट-लेबल-खोकं २०, कुरिअर ६०, गेटवे ४. उरले ११, जाहिरात बाकीच आहे. चार पाकिटांचा किलोचा संच ६०० ला विका. माल २२०, पॅकिंग ६०, कुरिअर ११०, गेटवे १४, जाहिरात ६०. उरले १३६. जुनं गिऱ्हाईक परत आलं की जाहिरात वाचते आणि १९६ उरतात. दुकानाचा खरा नफा तिथे आहे.

हाच १३६ चा आकडा घेऊन सरांच्या चाळीस हजारांकडे बघा. महिन्याला ३०० संच, म्हणजे ३०० किलो चटणी, रोज १० किलो कुटायची. आईंच्या उखळात ते होणार नाही. आणि त्या पॉलिसीचा हप्ता महिन्याला साडेबारा हजार पडतो. म्हणजे नव्वदहून जास्त संच फक्त बँकेतल्या मॅडमच्या योजनेसाठी कुटायचे आणि घरात एक रुपया यायचा नाही. दुकानावर असं ओझं असलं की माणूस घाईने उधारी देतो, कॅश ऑन डिलिव्हरी देतो, मालात काटकसर करतो. पहिलं वर्ष खर्च सुटला तरी चांगलं झालं म्हणा. दुसऱ्या वर्षी महिना दहा-बारा हजार सुटले तर दुकान चाललं.

कागदपत्रं फार नाहीत, पण टाळू नका. अन्नपदार्थासाठी एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आणि पाकिटावर तो १४ अंकी क्रमांक. शिवाय निव्वळ वजन, कमाल किंमत, तयार केल्याची तारीख, किती दिवस टिकेल ते, तक्रारीसाठी फोन, आणि शेंगदाणा असल्याची अ‍ॅलर्जीची सूचना. महाराष्ट्रात स्वतःच्या साइटवरून विकाल तर ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. बेंगळुरूला पाठवलंत तर पहिल्या पार्सलपासून लागते. सुरुवात राज्यातच करा. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) सरकारी साइटवर मोफत आहे, त्यासाठी दोन-तीन हजार मागणाऱ्यांना देऊ नका.

पैशांची मांडणी अशी करा. पीएफचे ९ लाख, त्यातून कोर्सचे ४५ हजार गेले, पॉलिसीचे बहुतेक परत येतील, म्हणजे साडेआठ लाख. त्यातले पावणेपाच लाख हात न लावता एफडीत, खऱ्या एफडीत. हा सहा महिन्यांचा घरखर्च आणि कर्जाचा हप्ता. दोन्ही विम्यांच्या पहिल्या हप्त्यासाठी ७० हजार. दुकानाला जास्तीत जास्त १ लाख, त्यातले पहिल्या टप्प्यात फक्त ४० हजार. उरलेले दोन लाख गृहकर्जाच्या मुदलात भरा. व्याजदर फ्लोटिंग, म्हणजे बदलता असेल तर त्यावर दंड नाही.

साइटची घाई नको. तयार दुकानाचं महिन्याचं भाडं पहिल्या शंभर संचांनंतर सुरू करा. तोवर हडपसर, मगरपट्टा भागातले सोलापूरकर, मुलीच्या शाळेतल्या पालकांचा ग्रुप आणि यूपीआयवर आगाऊ पैसे, एवढं पुरेल. एका पाकिटावर तारीख टाकून घरात ठेवा आणि दर आठवड्याला वास घ्या. खवट कधी होतं ते कळल्याशिवाय टिकण्याचे दिवस छापू नका. कडक भाकरी मात्र सध्या यादीतून काढा. आधी नागपूर, कोल्हापूर आणि नाशिकच्या नातेवाइकांना दोन-दोन खोकी पाठवा आणि उघडल्यावर किती भाकऱ्या अख्ख्या निघाल्या ते फोटोसकट मागवा.