वारली चित्रं विकायचीत? आधी फोटोची नावं बदल

अगं साइट छान झालीय, पण गूगलला त्यात काय दिसतंय ते बघ ना. फोटोचं नाव आयएमजी_४०३२, पानाचं टायटल 'माझं काम' आणि सगळी माहिती फोटोवरच डिझाइन करून लिहिलेली, मग शोधणाऱ्याला तू सापडणार कशी? मी पण सुरुवातीला चित्रांना 'स्पंदन', 'अंतर्नाद' असली नावं द्यायचे, आता सांग कोण टाइप करतं ते 😄 नाव ठेव हवं तर, पण टायटलमध्ये साधं लिही, 'वारली लग्नाचा चौक, कापडावर, १२ बाय १८ इंच'. फोटोच्या फाइलला तसंच नाव दे, इंग्रजी अक्षरांत, मध्ये डॅश. ऑल्ट टेक्स्टमध्ये, म्हणजे फोटोला जोडायच्या लेखी वर्णनात, चित्रात काय दिसतंय ते एका ओळीत.

आणि प्रत्येक चित्राला वेगळं पान हवं, खाली चार-पाच वाक्यं, गेरू कसा लावला, तांदळाचं पीठ वापरलं की पोस्टर कलर, लग्नाच्या चौकात पालघाट देवी (वारलींची लग्नाची देवी) मधोमध का असते वगैरे, लोक हेच तर शोधत येतात. मेटा कीवर्डच्या, म्हणजे पानाच्या कोडमध्ये टाकायच्या शोधशब्दांच्या यादीच्या, नादी लागू नकोस, गूगल रँकिंगसाठी ते वापरत नाही हे त्यांनीच २००९ मध्ये सांगितलंय. गूगलचं सर्च कन्सोल, म्हणजे तुझी साइट शोधात कशी दिसते ते दाखवणारं साधन, फुकट आहे, आजच जोड.