काचेची खोली: आधी छप्पर, मग पश्चिम, एसी सर्वात शेवटी

तुमचा प्रश्न नीट वाचला. पुण्यात बाणेरला सर्वात वरचा मजला, १२ बाय १० फुटांची गच्ची ५ मिमी साध्या काचेने बंद केलेली, काच दक्षिणेला आणि पश्चिमेला, वर पारदर्शक पॉलिकार्बोनेटची (टणक प्लास्टिकची) शीट. एप्रिलमध्ये दुपारी आत पाऊल टाकवत नाही आणि डिसेंबरात सकाळी चहा घेऊन बसवत नाही. फॅब्रिकेटर म्हणतोय काळी फिल्म मारा आणि दीड टनाचा एसी लावा. माझं स्पष्ट मत सांगतो: या दोन्हींवर आत्ता एक रुपयाही घालू नका.

एसीचा हिशोब करून बघा. तुमचं छप्पर साधारण ११ चौरस मीटर. उन्हाळ्यात भर दुपारी चौरस मीटरला ९०० वॅटच्या आसपास ऊन पडतं आणि पारदर्शक शीट त्यातला तीन चतुर्थांश भाग आत सोडते. म्हणजे नुसत्या छपरातून सात-साडेसात किलोवॅट उष्णता आत येते. एक टन एसी साडेतीन किलोवॅट बाहेर काढतो. दीड टनाचा एसी छपरालाच पुरा पडणार नाही, पश्चिमेची काच तर अजून मोजलीच नाही. बिल येत राहील आणि खोली तापलेलीच राहील. काळ्या फिल्मचं दुखणं वेगळं आहे. ती ऊन स्वतः शोषते, काच तापते आणि तीच धग आत सोडते. शिवाय साधी काच, टफन्ड (भट्टीत तापवून मजबूत केलेली) नसेल तर, अशी असमान तापली की तडकू शकते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ऊन काचेला लागायच्या आधी अडवायचं. एकदा ते आत आलं की फरशी, सोफा, पडदे तापतात आणि त्यांच्यातून निघणारी उष्णता काच बाहेर जाऊ देत नाही. म्हणून आतला पडदा कितीही जाड घेतलात तरी उशीरच झालेला असतो.

पुण्यात सूर्य कुठून जातो हे डोळ्यांसमोर आणा. मे महिन्याच्या मध्याला दुपारी तो अगदी डोक्यावर असतो, सावली पायाखाली येते. त्यामुळे उन्हाळ्यात दक्षिणेच्या काचेवर थेट ऊन जवळजवळ नसतंच. सगळा मारा छपरावर आणि चारनंतर पश्चिमेवर. डिसेंबरात उलट. सूर्य दक्षिणेकडे झुकलेला, दुपारी जेमतेम ४८ अंश वर. तेव्हा सात फूट उंच काचेतून ऊन सहा फूट आत येतं. म्हणून दक्षिणेच्या काचेला हात लावू नका, ती तुमची थंडीतली शेगडी आहे. फार तर वर दीड फुटाचा छज्जा काढा.

छपराचं आधी एक ठरवा: खोली बसायला हवी की झाडांसाठी? बसायला असेल तर पॉलिकार्बोनेट काढून ५० मिमी पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं) टाका. उजेड बाजूच्या काचांतून भरपूर येतो. उन्हाळ्याची दुपार आणि थंडीची रात्र, दोन्ही त्याने सुटतात. झाडं ठेवायची असतील तर शीट राहू द्या, पण तिच्या वर फूटभर अंतर सोडून ७५ टक्क्यांची शेडनेट ताणा. हे अंतर फार मोलाचं आहे. नेट थेट शीटवर टाकली तर तिची धग खाली उतरते. मधून वारा खेळला तर तो ती घेऊन जातो. दुपारी तीनला शीटला खालून तळहात लावून बघा. नेट अंतरावर असेल तर हात ठेवता येतो. नेट कायमची ठोकू नका. दोरीने, कडेच्या आयलेटमधून (धातूच्या भोकांतून) बांधा. वळवाच्या वादळात सैल नेट शिडासारखी फुगते आणि पाइपासकट उचलली जाते. दिवाळीनंतर ती गुंडाळून ठेवायची, म्हणजे थंडीतलं ऊन वाया जात नाही.

शीट नवीन घेणार असाल तर एक गोष्ट स्वतः उभं राहून बघा: ज्या बाजूच्या फिल्मवर छपाई असते ती बाजू वर हवी, यूव्हीचा थर तिथे असतो. उलटी बसली की काही वर्षांत पिवळी पडून ठिसूळ होते.

पश्चिमेला छज्जा उपयोगाचा नाही, ऊन तिरकं खालून येतं. तिथे उभा आडोसाच हवा: काचेच्या बाहेरून बांबूचे चिक, किंवा वेल. इंटरनेटवर विलायती सल्ला सापडतो की द्राक्षाचा वेल चढवा, उन्हाळ्यात सावली आणि थंडीत पानगळ. आपल्याकडे हे चालत नाही. इथे द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलमध्ये आणि फळछाटणी ऑक्टोबरात होते, म्हणजे एप्रिलच्या उन्हात वेल बोडका आणि थंडीत पानांनी भरलेला. मधुमालती लावा. उन्हाळ्यात दाट होते, वर फुलतेही. नोव्हेंबरात छाटून टाका.

आता हवा. गरम हवा वर जाते, तिला वरूनच वाट द्या. छपराच्या सर्वात उंच टोकाला लूव्हर (तिरक्या पट्ट्यांचा झरोका) किंवा १२ इंची एक्झॉस्ट, आणि समोरच्या बाजूला फरशीजवळ उघडणारी खिडकी. वाट बरोबर आहे का ते उदबत्तीने कळतं: खालच्या खिडकीशी धरा, धूर वर सरकून लूव्हरमधून बाहेर गेला पाहिजे. तो खोलीत घोटाळत राहिला तर वरची जागा कमी पडतेय. पुण्याची खरी दौलत म्हणजे संध्याकाळचा पश्चिमेचा वारा. एप्रिलमध्येही रात्री पारा बावीसच्या आसपास उतरतो. सूर्यास्तानंतर सगळं उघडा, डासांची जाळी लावा, सकाळी नऊला बंद. चैत्र-वैशाखात हवा कोरडी असते, तेव्हा वाळ्याच्या ताट्या किंवा डेझर्ट कूलर छान चालतो, मात्र एक खिडकी उघडी ठेवूनच. जूनमध्ये हवा दमट झाली की कूलर बंद करा, नाहीतर भिंतीला बुरशी धरते. पावसाआधी सिलिकॉनचे सांधे तपासून घ्या.

थंडीसाठी वेगळा मोठा खर्च नको. आपली थंडी रात्रीची आणि पहाटेची. दुपारी काचेची खोली तापली की घराकडचं दार उघडा, ऊब आत जाऊ द्या. साडेपाचला दार लावा, काचेवर जाड पडदे ओढा, छपराखालीही कापड ताणता आलं तर उत्तम, कारण निरभ्र रात्री छपरातूनच सगळ्यात जास्त ऊब जाते. स्लायडिंगच्या पट्टीतले झिजलेले ब्रश बदला. गार वारा तिथूनच शिरतो. खाली शहाबादी किंवा कोटा असेल तर उन्हाच्या पट्ट्यातला गालिचा दिवसा काढून ठेवा, दगड तापून रात्री ऊब देतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा गॅसचा हीटर कधीही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो.

पफ पॅनेल किंवा नेटचा सांगाडा ठरवण्यापूर्वी सोसायटीची लेखी परवानगी घ्या, बंद गच्चीची महापालिकेकडे नोंद काय आहे ते बघा, आणि वाऱ्याचा जोर धरून सांगाडा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. काम जानेवारी-फेब्रुवारीत उरकलं तर बरं. छप्पर आणि पश्चिम झाल्यावर एक मे महिना तसाच काढा, दुपारी तीनचं तापमान सावलीत लिहून ठेवा. तरीही नको वाटलं तर एसी घ्या, पण तेव्हा एक टनात भागेल.