बोलताना अडखळणाऱ्यांना दिव्यांग प्रमाणपत्र आणि सवलती मिळतात का? नागपुरात कुठे जावं?

नुसता तोतरेपणा असेल तर प्रमाणपत्र मिळणं कठीण. मिळालं तरी सरकारी नोकरीतल्या आरक्षणाची आशा धरू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यात वाचा-भाषा दोषही आहे. पण व्याख्येत म्हटलंय कायमस्वरूपी, शारीरिक किंवा मज्जासंस्थेच्या कारणामुळे आलेला. उदाहरणं दिलीत ती स्वरयंत्र काढलेल्यांची आणि वाचाघाताची, म्हणजे मेंदूला इजा होऊन बोलणं बिघडण्याची. अडखळण्याचं नावच नाही. नोकरीतलं ४ टक्के आरक्षण ज्या गटांत वाटलंय, त्यात एकटा वाचादोष बसत नाही. ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हाती आलंच, तर सरकारी आणि अनुदानित संस्थांतल्या उच्च शिक्षणाच्या ५ टक्के राखीव जागांसाठी चालतं.

मीही अडखळते, लहानपणापासून. नागपूरच्या महाल भागात आमचं एकत्र कुटुंब, आणि घरात शब्द थोरल्या काकांचा. त्यांनी मला वर्षानुवर्षं वेखंड मधात उगाळून चाटवलं. बसमध्ये 'बर्डी' (सीताबर्डी) म्हणायला गेलं की 'ब'वर ओठ मिटायचे ते उघडायचेच नाहीत, मागचे लोक 'चला ना ताई' करायचे. मग मी 'मोरभवन' म्हणायला शिकले, ते बर्डीतलंच बसस्थानक, उतरायचं तिथंच. काकांना वाटलं वेखंड लागू पडलं. अडखळणारा माणूस दिवसभर असे शब्द बदलत असतो आणि घरच्यांना तो बरा झालेला दिसतो.

कॉलेजात असताना मी प्रमाणपत्रासाठी एका सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी एक उतारा वाचायला दिला आणि नेमका तो मी सलग वाचला. "तू तर छान वाचतेस," म्हणाले आणि कागद परत केला. बाहेर येऊन आईला तेवढंच सांगायला मला किती वेळ लागला, ते त्यांनी पाहिलं नाही. अडखळणं तासातासाला बदलतं. गाताना, कुणाबरोबर एका सुरात वाचताना बहुतेकांचं थांबतं. स्वतःचं नाव सांगताना, फोनवर, साहेबापुढे उसळतं. टेबलावरच्या पाच मिनिटांत ते मोजता येत नाही, आणि न मोजता माघारी पाठवणं हा अन्याय आहे.

घरी काका भडकले. "शिक्का मारून घेतला तं कोन करन पोरीशी लग्न?" त्यांचं म्हणणं एकच, लपव. मी ऐकलं नाही. स्पीच थेरपिस्टकडून पत्र घेतलं: तोंडी परीक्षेत हिला जास्त वेळ द्यावा, वाक्य पुरं करू द्यावं, मधेच शब्द सुचवू नये. विभागप्रमुख बाईंनी ते बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे ठेवलं. ते थांबले, मी उत्तरं दिली. काका म्हणाले, भीक मागितली. भीक कशी? उत्तरं माझी होती, मागितला तो फक्त वेळ.

तेव्हा तुम्हीही सवलतीच्या मागे धावण्याआधी वेळ मागा. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, लिहिताना हात आखडणाऱ्या एका यूपीएससी उमेदवाराच्या प्रकरणात, अशा सोयींसाठी ४० टक्क्यांची अट लावता येत नाही असं स्पष्ट केलंय. अर्जात हा निकाल लिहा. मुलाखतीला बसल्याबसल्या सांगा, 'मी अडखळतो, थोडा वेळ लागेल.' लपवण्यातच अर्धा जीव जातो. मला पाहायला आलेल्यांनाही मी पहिल्या वाक्यात हेच सांगितलं होतं, आणि त्याच घरात माझं लग्न झालं. काकांनी अजून हे मान्य केलेलं नाही, पण अक्षता टाकायला ते पहिल्या रांगेत होते.

नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात आधी दाखवा, वाचा-उपचाराचं तिथेच विचारा. प्रमाणपत्राचा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरायचा असतो. सरकारी कार्यालयाने अडवलं तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते.

मी वकील नाही. खासगी कंपनीत हे सगळं इतकं सरळ चालत नाही. आणि तुमचं अडखळणं डोक्याला मार लागल्यावर किंवा पक्षाघातानंतर सुरू झालं असेल, तर मी वर लिहिलेलं तुम्हाला तसंच्या तसं लागू नाही. मज्जातंतूतज्ज्ञाचे कागद जोडून प्रमाणपत्राचा अर्ज जरूर करा.